चाळीस पावलं

जिंतूर डेपोला एकवीस वर्षं
गौस ड्रायव्हर आणि मी कंडक्टर.
मी त्याला बघितलं ते पाठमोरंच :
मानेवरची चामखीळ, खाकी कॉलरची मळकी कड,
दोन टोले दिले की जरासा पुढं जाणारा डावा खांदा.
आज दीदारसाठी चादर सारली,
तेव्हा पहिल्यांदा इतका वेळ समोरून.
भुवया पांढऱ्या झालेल्या. मला माहीतच नव्हतं.

खांदा कुणी धरून ठेवत नाही इथं.
दहा पावलं, की मागचा पुढं सरकतो,
पुढचा बाजूला होतो,
कुणीच कुणाला सांगत नाही.
बाजारपेठेतून जनाजा माणसांवरून वाहत गेला,
शटरं अर्धी ओढून दुकानदार उभे,
रसवंतीचं घुंगरू तेवढं वेळेवर थांबलं नाही.
मी उंचीला कमी. माझ्या पाळीला
दांडी खांद्याला टेकलीच नाही,
नुसता हात वर करून चालत राहिलो
उभ्या प्रवाशासारखा.

नमाजेच्या वेळी मी चपलांपाशी.
वाकणं नाही, टेकणं नाही,
सगळं उभ्यानंच, आणि लगेच संपलं.
"अजान नाही झाली?" मी शेजारच्या पोराला विचारलं.
तो म्हणाला, "ती जन्मल्या जन्मल्या कानात झालेली असते, काका.
ही तिचीच नमाज."
मी हिशोब केला :
अजान आणि नमाज यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षं,
त्यातली एकवीस माझ्या गाडीत.

चांदपाशा पहाटेपासून खणत होता.
वर काळी, खाली मुरूम,
भिंतीवर कुदळीचे पांढरे ओरखडे तसेच.
डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला,
तोंड हलकेच पश्चिमेकडं वळवलं.
ते वळलेलं तोंड मी ओळखलं.
येलदरीच्या फाट्यावर, गाडी हलवण्याआधी,
पूर्ण मागं न बघता असंच अर्धं वळून विचारायचा,
"रोडगे, सब बैठे क्या?"

शहाबादी फरश्या एकेक करून बसवल्या,
फटींमध्ये चिखलाचे गोळे.
शेवटच्या फरशीला त्याचा धाकटा मुजम्मिल
वाकून आत बघत राहिला.
चांदपाशा म्हणाला, "बस बेटा."
मग माझ्याकडं बघून, "तुम भी देव मट्टी, साब."
तीन मुठी. काळी ओलसर,
पहिली मूठ पडेचना,
बोटांना धरून बसली.

परतताना कुणीतरी सांगितलं,
आपण चाळीस पावलं गेलो की आत सवाल सुरू होतात.
तोवर त्याला आपल्या चपला ऐकू येतात म्हणे.
मी मोजायला लागलो.
मोजणं हाच माझा धंदा,
तिकिटं, डोकी, चिल्लर.
एकोणचाळिसाव्याला थांबलो.
अशा किती गाड्या थांबवल्या मी
शेतातून हात हलवत पळत येणाऱ्या म्हातारीसाठी,
आणि गौस चालू इंजिनावर कुरकुरत, पण थांबलेला.
थोडा वेळ, बस.
उत्तरं जुळवू दे त्याला,
बोलण्यात तो कच्चाच होता.
मुजम्मिलनं हात धरला, "चलो चाचा."
चाळिसावं मी टाकलं नाही, ओढलं गेलं.

दारात कुंदानं बादली ठेवलेली.
अंगावर पाणी घेतलं, काही बोललो नाही.
नखांतली काळी निघाली नाही.

रात्री अंथरूण नेहमीसारखंच, पूर्वेला उशी.
दक्षिणेला पाय करून झोपू नये,
आई पाय धरून फिरवायची लहानपणी.
मी उठलो. उशी उत्तरेला ठेवली,
उजव्या कुशीवर झालो.
"काय करायलाव हो?" अंधारातून कुंदा.
"काही नाही. बघायलो."
आणि तसाच पडून राहिलो,
साडेनऊची येलदरी मुक्काम
आज उशिरानं गेली, तोपर्यंत.